केळीच्या पट्ट्यात नवा डेटा कायदा

रावेर तालुक्यातल्या केळी उत्पादकाने एक बाग लावणीपासून कापणीपर्यंत नेली, तर तेवढ्या काळात त्याची माहिती किती हातांतून फिरते ते पाहण्यासारखं आहे. फळपीक विम्यासाठी आपले सरकार सेवा केंद्रावर सातबारा, आठ-अ, आधार आणि बँक पासबुकाचं पहिलं पान जातं. शेतकरी ओळख क्रमांकासाठी ॲग्रीस्टॅकवर आधारचा ओटीपी द्यावा लागतो. महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी हा क्रमांक सक्तीचा झाला. पीककर्जासाठी विकास सोसायटी आणि जिल्हा बँक, ठिबकच्या अनुदानासाठी महाडीबीटी, टिश्यू कल्चरच्या रोपांसाठी कंपनीच्या प्रतिनिधीच्या मोबाइलमधला फॉर्म. माल निघाला की व्यापाऱ्याकडचा हिशेब, आणि माल परदेशी जाणार असेल तर निर्यातदाराकडे बागेची वेगळी नोंद.

यातल्या जवळपास प्रत्येक ठिकाणी माहिती कशी सांभाळायची याचे काही ना काही दंडक आधीपासून होते. कुठे रिझर्व्ह बँकेचे, कुठे आधार कायद्याचे, कुठे परदेशी ग्राहकाने घातलेले, तर कुठे गावाची चालत आलेली रीत. आता या सगळ्यांच्या जोडीला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ आला आहे. त्याच्याबद्दल बोलताना सहसा दंडाचे आकडे सांगितले जातात, २५० कोटी रुपयांपर्यंत वगैरे. मला त्याहून महत्त्वाचा प्रश्न वाटतो तो हा, की आधीच्या दंडकांचं या कायद्याने काय केलं? बरेचसे त्याने जागच्या जागी राहू दिले, काही मोडीत काढले, आणि मोडीत काढताना सामान्य माणसाच्या हातातला एक हक्कही त्यांच्याबरोबर गेला.

आधी जुनी व्यवस्था पाहू. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. २००८ च्या दुरुस्तीने त्यात कलम ४३-अ आलं आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून ते लागू झालं. एखाद्या कंपनीने, भागीदारी पेढीने किंवा एकट्याच्या मालकीच्या व्यवसायानेही लोकांची संवेदनशील माहिती सांभाळताना हलगर्जी केली आणि त्यातून कुणाचं नुकसान झालं, तर त्या माणसाला भरपाई द्यायची, असं हे कलम सांगत होतं. पण हलगर्जी ठरवायची कशावरून? ते सांगणारे नियम ११ एप्रिल २०११ रोजी आले. पासवर्ड, बँक खात्याचा आणि कार्डाचा तपशील, आरोग्याची माहिती, बोटांचे ठसे यांना संवेदनशील म्हटलं गेलं. आणि आठव्या नियमात सरकारने एका मानकाचं चक्क नाव लिहिलं: आयएस/आयएसओ/आयईसी २७००१.

या मानकाची कुळी ब्रिटिश. १९९५ साली तिथे बीएस ७७९९ नावाचं मानक निघालं, त्याच्या दुसऱ्या भागातून २००५ मध्ये २७००१ आंतरराष्ट्रीय झालं आणि पुढे २०१३ व २०२२ मध्ये सुधारलं गेलं. कोणतं कुलूप लावा हे ते सांगत नाही. तुमच्याकडे कोणती माहिती आहे, तिला धोका कुठून आहे, जबाबदार कोण आणि तपासणी कधी, हे आधी लिहून काढा, त्याप्रमाणे वागा आणि बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्या, असं त्याचं म्हणणं. २०११ च्या नियमांनी त्याला ‘असं एक मानक’ म्हटलं होतं. म्हणजे दुसरा मार्गही खुला होता, पण एखाद्या उद्योगसंघटनेला स्वतःची वेगळी संहिता चालवायची असेल तर तिला केंद्र सरकारची मंजुरी लागे. आणि वर्षातून किमान एकदा सरकारमान्य लेखापरीक्षकाकडून तपासणी करून घ्यावी लागे.

कागदावरची ही व्यवस्था प्रत्यक्षात फार थोड्यांना माहीत होती, हे खरं. तरी महाराष्ट्रात या कायद्याखाली लोकांनी दाद मागितली आणि ती मिळालीही. राज्याचा माहिती तंत्रज्ञान सचिव हाच या कायद्याखालचा न्यायनिर्णय अधिकारी असतो. पाच कोटी रुपयांपर्यंतचे दावे त्याच्यापुढे चालतात. पूना ऑटो ॲन्सिलरीज या पुण्याच्या कंपनीच्या खात्यातून बनावट ईमेलच्या फसवणुकीने ८० लाखांहून अधिक रक्कम गेली होती, त्या प्रकरणात २०१३ मध्ये राज्याचे तेव्हाचे सचिव राजेश अग्रवाल यांनी पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. तक्रारदाराने बनावट मेलला उत्तर दिलं होतं, म्हणून नुकसानीचा काही भाग त्याच्याही वाट्याला आला. पण पैसे वळवण्यासाठी जी खाती उघडली गेली, त्यांच्यावर बँकेने पुरेशी नजर ठेवली नाही, हे या निकालाचं मर्म होतं. सुरक्षेच्या रूढ दंडकांत कोण कमी पडलं ते पाहायचं आणि त्या प्रमाणात पैसे नुकसान झालेल्या माणसाच्या हाती द्यायचे, अशी ही पद्धत.

नव्या कायद्याचं कलम ४४(२) हे ४३-अ पूर्णपणे वगळतं. मूळ कलम गेलं की त्याच्या आधारावर केलेले २०११ चे नियमही उभे राहत नाहीत, आणि नियमांबरोबर २७००१ चं नावही कायद्यातून जातं. हे लगेच झालेलं नाही. कायद्याला राष्ट्रपतींची संमती ११ ऑगस्ट २०२३ ला मिळाली, पण नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि अंमलबजावणीचे टप्पे ठरले. डेटा संरक्षण मंडळाच्या स्थापनेची कलमं तेव्हाच लागू झाली. लोकांचे हक्क आणि कंपन्यांची कर्तव्यं सांगणारी कलमं मात्र अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील असं अधिसूचना सांगते. ४३-अ वगळणारं कलमही याच शेवटच्या टप्प्यात आहे. तोवर जुनं कलम जिवंत आहे.

नव्या कायद्यात मानकाच्या जागी आहेत ‘वाजवी सुरक्षा उपाय’. त्याचा अर्थ सहाव्या नियमात सांगितला आहे: माहिती सांकेतिक रूपात किंवा झाकून ठेवा, ती कोण पाहू शकतो यावर ताबा ठेवा, कुणी कधी पाहिली याची नोंद ठेवा, मूळ माहिती नष्ट झाली तरी काम चालावं म्हणून प्रती ठेवा, त्या नोंदी किमान एक वर्ष जपा, आणि तुमच्या वतीने काम करणाऱ्याशी करारात हे सगळं लिहून घ्या. कोणत्याही मानकाचं नाव नाही. भारतीय मानक ब्यूरोचं डेटा गोपनीयतेसाठीचं स्वतःचं मानक २०२० पासून आहे, आयएस १७४२८. त्याचाही उल्लेख नाही.

मोठ्या कंपन्यांना याने फरक पडणार नाही. त्यांच्याकडे २७००१ चं प्रमाणपत्र आहे, ग्राहक ते मागतो, त्यामुळे ते टिकेल. फरक इतकाच, की प्रमाणपत्र दाखवलं म्हणजे कर्तव्य झालं, असं आता म्हणता येणार नाही. मंडळापुढे प्रश्न येईल तो प्रत्यक्षात काय केलं याचा. लहान व्यावसायिकासाठी मात्र हा बदल मला चांगला वाटतो. रावेरच्या स्टेशन रोडवरचा कृषी केंद्रवाला २७००१ चं लेखापरीक्षण कधीही करून घेणार नव्हता. सहावा नियम त्याला वाचून कळण्यासारखा आहे.

हा नियम सेवा केंद्राच्या टेबलावर लावून पाहू. विम्याची मुदत संपत आली की गर्दी होते. घरी राहिलेलं पासबुक शेतकऱ्याचा मुलगा व्हॉट्सॲपवर पाठवतो. चालक ते संगणकावर उतरवून पोर्टलवर चढवतो. ओटीपी मोठ्याने सांगितला जातो, पावती छापली जाते, पुढचा नंबर लागतो. अर्ज गेला, पण आधार, सातबारा आणि खाते क्रमांक तीन जागी उरले: चालकाच्या फोनमधल्या गॅलरीत, संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये आणि व्हॉट्सॲपच्या चॅटमध्ये. संगणकाला पासवर्ड असला तरी तो टेबलावर बसणाऱ्या सगळ्यांना ठाऊक. सहाव्या नियमाच्या भाषेत इथे माहिती झाकलेली नाही, पाहणाऱ्यावर ताबा नाही आणि कुणी पाहिली याची नोंदही नाही. यात चालकाची बदमाशी नसते, काम उरकण्याची घाई असते. जबाबदार कोण, याचं उत्तर नव्या कायद्यात जुन्यापेक्षा स्पष्ट आहे. ज्याच्या कामासाठी माहिती गोळा झाली, त्याने काम दुसऱ्याकडून करून घेतलं तरी जबाबदारी त्याचीच राहते. करारात काहीही लिहिलं असलं तरी.

एक मर्यादा इथेच सांगायला हवी. कायदा फक्त डिजिटल माहितीला लागतो, किंवा कागदावर घेऊन नंतर संगणकात गेलेल्या माहितीला. व्यापाऱ्याच्या वहीतलं नाव, घडांची संख्या आणि उचल वहीतच राहिली तर कायद्याचा तिच्याशी संबंध नाही. त्या पानाचा फोटो काढून तो ग्रुपवर टाकला की संबंध येतो.

आता त्या गेलेल्या हक्काकडे. ४३-अ मध्ये पैसे नुकसान झालेल्याला मिळत होते. नव्या कायद्यात सुरक्षा उपायांत कसूर झाली तर २५० कोटींपर्यंत दंड आहे, पण कलम ३४ प्रमाणे दंडाची सगळी रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते. ज्याचं खातं रिकामं झालं त्याला या कायद्याखाली एक रुपयाही मिळायची तरतूद नाही. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली तर त्याच्यावरच दहा हजार रुपयांपर्यंत दंड बसू शकतो. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये जो मसुदा दिला होता, त्यात भरपाईची तरतूद होती. २०१९ च्या विधेयकातही ती होती. ते विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेतलं गेलं आणि त्यानंतर आलेल्या नव्या मसुद्यात भरपाई दिसली नाही. मला ही या कायद्यातली सर्वांत मोठी उणीव वाटते. मानकाचं नाव गेलं तर ते दुसऱ्या वाटेने परत येऊ शकतं. वैयक्तिक भरपाईचा मार्ग संसदेने पुन्हा दिल्याशिवाय परत येत नाही. तोवर माणसाला ग्राहक आयोग किंवा दिवाणी न्यायालय गाठावं लागेल. पीककर्जाच्या चाळीस हजारांसाठी किती जण ते करतील?

इतर क्षेत्रांतल्या दंडकांना नव्या कायद्याने फारसा हात लावलेला नाही. कलम ३८ म्हणतं की हा कायदा बाकीच्या कायद्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही. दोघांत विरोध आला तर तेवढ्यापुरता हा वरचढ. बँकेच्या बाबतीत कलम १६ आणखी स्पष्ट आहे. परदेशी माहिती पाठवण्याबाबत दुसऱ्या कायद्याने अधिक कडक बंधन घातलं असेल तर ते तसंच राहील. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पेमेंटची माहिती भारतातच साठवायला सांगितलं होतं. ते बंधन त्यामुळे शाबूत आहे.

दोन घड्याळं एकाच वेळी चालणार आहेत, हेही यातूनच आलं. माहिती फुटली की सर्ट-इन या केंद्रीय संस्थेला सहा तासांत कळवायचं, हा एप्रिल २०२२ चा आदेश कायम आहे. नवा कायदा डेटा मंडळाला विनाविलंब कळवून ७२ तासांत सविस्तर अहवाल द्यायला सांगतो. सर्ट-इनला संगणकातल्या नोंदी १८० दिवसांच्या हव्यात, नव्या नियमांना वर्षभराच्या. एक पाळलं म्हणून दुसरं सुटत नाही. जळगावातल्या एखाद्या पतसंस्थेच्या व्यवस्थापकाने दोन्ही कागद भिंतीवर शेजारी लावावेत. पण सर्ट-इनच्या आदेशात नसलेली एक गोष्ट नव्या कायद्यात आहे: ज्याची माहिती फुटली त्या माणसालाही कळवायचं, काय झालं आणि आता काय करावं तेही सांगायचं. आजवर खातेदाराला असं काही वर्तमानपत्रातून कळे, नाही तर कळतच नसे.

माहिती पुसून टाकण्याच्या हक्कालाही जुने दंडक अडवतात. काम संपलं की माहिती नष्ट करा, असं नवा कायदा सांगतो, पण दुसऱ्या कायद्याने ठेवायला सांगितली असेल तर ठेवावीच लागते. डॉक्टरांना रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या असतात, बँकांना मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली ग्राहकाची कागदपत्रं पाच वर्षं. ‘माझं सगळं पुसा’ असा अर्ज केला तरी त्या मुदती आधी पुऱ्या होतील.

निर्यातीचं मात्र निराळं आहे, कारण तिथले दंडक कायद्याने आलेलेच नाहीत. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईला रवाना झाली. परदेशी, विशेषतः युरोपच्या मोठ्या दुकानांत माल द्यायचा तर ग्लोबलगॅप लागतं. १९९७ मध्ये युरेपगॅप म्हणून सुरू झालेली ही खाजगी व्यवस्था २००७ पासून या नावाने ओळखली जाते. प्रमाणित उत्पादकाला त्यात तेरा अंकी क्रमांक मिळतो आणि खरेदीदार त्यावरून प्रमाणपत्र पडताळतो. बाग कुठे आहे, फवारणी कशाची केली, मजुरांना काय प्रशिक्षण दिलं, सगळ्याची नोंद ठेवावी लागते. माग काढता येणं हाच या व्यवस्थेचा पाया, त्यामुळे माहिती उघडी ठेवणं हीच तिची रीत. नवा कायदा तिला अडवत नाही. फक्त त्या फायलीत मजुरांची नावं, फोटो आणि आधारच्या प्रती असतील, तर निर्यातदाराला त्यांचं कारण सांगता आलं पाहिजे. पॅकहाउसमध्ये काम करणारी सातपुड्यातली पावरा बाई आपल्या आधारची प्रत कुणाकडे आहे हे विचारू शकते, हा तिचा हक्क असेल. कायद्याने सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत मागता येते, म्हणून मराठीत मागता येईल. पावरी त्या अनुसूचीत नाही, घराघरांत बोलली जाणारी लेवा बोली किंवा अहिराणीही नाही.

जुन्या सह्यांचं काय? कलम ५(२) म्हणतं, कायदा लागू होण्याआधी दिलेली संमती चालेल. शक्य तितक्या लवकर त्या माणसाला सूचना द्यायची, आणि तो संमती मागे घेईपर्यंत काम चालू ठेवायचं. कर्तव्यांची कलमं मे २०२७ ला लागू होणार असल्याने तोवर केलेली प्रत्येक सही ‘आधीची संमती’ ठरते. रोपं बुक करताना न वाचता दाबलेलं ‘मान्य आहे’ सुद्धा. युरोपने २०१८ मध्ये आपला डेटा कायदा लागू केला तेव्हा जुन्या संमतीबद्दल कडक भूमिका घेतली होती: ती नव्या कसोटीत बसत असेल तरच चालेल, नाही तर नव्याने घ्या. आपण सोपी वाट धरली. कंपन्यांवर लाखो लोकांना पुन्हा विचारण्याचा भार टाकायचा नाही, हा हेतू समजतो. पण जी संमती समजून दिलेलीच नव्हती, तिला नवा कायदा आपली मान्यता देतो आहे, हे मला पटत नाही. निदान सूचना मिळाली की ती वाचावी आणि नको असेल तिथे संमती काढून घ्यावी. संमती देणं जितकं सोपं होतं तितकंच ती काढणं सोपं ठेवण्याचं बंधन कायद्यात आहे.

सरकारी योजनांसाठी तर नव्या संमतीची गरजच नाही. अनुदान किंवा लाभ देण्यासाठी शासन आपल्याकडची माहिती वापरू शकतं, मात्र नियमांच्या दुसऱ्या अनुसूचीतली पथ्यं पाळून: हवी तेवढीच माहिती घ्या, ती अचूक ठेवा, सुरक्षित ठेवा, आणि विचारायला संपर्क द्या. ही पथ्यं नवीन आहेत आणि मोलाची आहेत, कारण ४३-अ फक्त व्यवसायांना लागू होतं, सरकारी कार्यालयांना नाही. विम्याच्या यादीत गट क्रमांक चुकला तर तो दुरुस्त करून देणं हे मे २०२७ पासून कार्यालयाचं काम असेल, उपकार नाही.

शेवटी गावाच्या रीतीबद्दल. २०१७ च्या कर्जमाफीत महाराष्ट्रात अर्जदारांच्या याद्यांचं चावडी वाचन झालं. कुणाचं कर्ज, कुणी अर्ज केला, हे गावासमोर वाचलं गेलं. त्यात संकोच होता, पण बोगस नावं गावच ओळखत होतं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्येही अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील सरकारने आपणहून जाहीर करावा असं लिहिलेलं आहे. अण्णा हजारे यांच्या आंदोलनातून महाराष्ट्राने केंद्राच्या आधीच स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता, म्हणून हा दंडक आपल्याकडे विशेष जुना. नव्या डेटा कायद्याने कलम ४ ला हात लावलेला नाही. बदललं ते कलम ८(१)(ञ). पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने खाजगीपणावर विनाकारण आक्रमण होईल, हे दाखवावं लागे, आणि विधिमंडळाला जी नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येत नसे. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढं म्हटलं की पुरतं. हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्येच लागू झाला, लोकांच्या हक्कांच्या कितीतरी आधी. हा क्रम मला खटकतो: झाकण्याची सोय आधी आली, सांभाळण्याचं कर्तव्य मागून येणार.

सातबारा मात्र उघडाच आहे. कायद्याच्या बंधनामुळे जी माहिती सार्वजनिक केली जाते तिला डेटा कायदा लागत नाही. लाभार्थ्यांच्या यादीबाबत एखाद्या कार्यालयाने नवं कलम दाखवून माहिती नाकारली, तर अपिलात दोन गोष्टी लिहाव्यात. पहिली, कलम ४ खाली हा तपशील तुम्ही आपणहून जाहीर करायचा होता. दुसरी, कलम ८(२) अजून आहे, म्हणजे सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते. आणि व्यवसायाच्या हलगर्जीने माहिती फुटून ज्याचे पैसे आत्ताच गेले आहेत, त्याने मे २०२७ ची वाट पाहू नये. ४३-अ खालचा अर्ज आजही मंत्रालयात माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे करता येतो, आणि सर्वसाधारण वाक्खंड कायदा, १८९७ च्या कलम ६ मुळे जुनं कलम गेलं तरी त्याखाली आधीच निर्माण झालेला हक्क बुडत नाही. पोलिसातली तक्रार, बँकेला दिलेल्या पत्राची पोच आणि व्यवहाराचा उतारा, एवढे तीन कागद तारखेसह जपून ठेवावेत.